मॉरिशसची पदवी आणि तीन देशांचे शिक्के

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्या भाचीला बारावीनंतर मॉरिशसमधल्या एका खासगी कॉलेजात बिझनेस मॅनेजमेंटला प्रवेश मिळतोय. पदवी एका ब्रिटिश विद्यापीठाची. माहितीपत्रकावर ‘मॉरिशस सरकारमान्य’ असं ठळक छापलंय आणि एजंट म्हणतो की तिथली तपासणी आपल्या नॅकपेक्षा, म्हणजे आपल्याकडे कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेपेक्षा, कडक असते. जेमतेम बारा-तेरा लाख वस्तीच्या देशाच्या मान्यतेवर कितपत विसंबावं, आणि तिथे नॅकसारखं काही असतं का, हे तुम्ही विचारलंय.

असतं, आणि नावापुरतं नसतं. पण अशा पदवीचं मोल एकट्या मॉरिशसच्या हातात नाही. शिकवणार मॉरिशसमध्ये, पदवी देणार ब्रिटन, आणि मुलगी ती वापरणार बहुधा भारतात. तिन्ही ठिकाणचे नियम वेगळे आहेत आणि एका ठिकाणचा होकार दुसऱ्याला बांधील नसतो. ‘सरकारमान्य’ या शब्दावर थांबलेले पालक फसतात ते इथेच. मी आयुष्यभर विद्यापीठांच्या गुणवत्ता कक्षांत काम केलं, नॅकच्या कामात होते, आणि पुढे छोट्या देशांतल्या अभ्यासक्रमांच्या तपासण्यांना बाहेरची सदस्य म्हणूनही बसले. त्यामुळे जरा सविस्तर सांगते. कॉलेजचं नाव तुम्ही दिलेलं नाही, तेव्हा त्या कॉलेजबद्दल बरं-वाईट मी काही म्हणत नाही.

आधी तिथली व्यवस्था. मॉरिशस १९६८ साली स्वतंत्र झाला, त्याच्या तीन वर्षं आधी रेद्यूई इथे मॉरिशस विद्यापीठ सुरू झालं होतं. १९८८ च्या कायद्याने टर्शरी एज्युकेशन कमिशन आलं. त्याचं सुरुवातीचं काम मुख्यतः सरकारी संस्थांचं नियोजन आणि निधीवाटप. खासगी कॉलेजं वाढू लागली तेव्हा २००५ च्या कायदेबदलाने त्यांची नोंदणी आणि त्यांच्या अभ्यासक्रमांना मान्यता देण्याचं कामही त्याच कमिशनकडे गेलं. व्यावसायिक प्रशिक्षण आणि राष्ट्रीय पात्रता चौकट (कोणतं प्रमाणपत्र किंवा पदवी कोणत्या पायरीवर बसते याची यादी) वेगळ्या संस्थेकडे, मॉरिशस क्वालिफिकेशन्स अथॉरिटीकडे. तिचा कायदा २००१ चा. मग २०१७ चा उच्चशिक्षण कायदा झाला, तो २०२० मध्ये प्रत्यक्षात आला आणि जुन्या कमिशनच्या जागी दोन संस्था उभ्या राहिल्या: हायर एज्युकेशन कमिशन आणि क्वालिटी अशुरन्स अथॉरिटी. धोरण, निधी आणि नियमन पहिलीकडे. गुणवत्तेची तपासणी दुसरीकडे.

एक सावधगिरी इथेच सांगून टाकते. ब्रिटनमध्येही ‘क्यूएए’ याच आद्याक्षरांची जुनी संस्था आहे. माहितीपत्रकात ‘क्यूएए मान्यताप्राप्त’ असं मोघम लिहिलं असेल तर कोणती क्यूएए, आणि मान्यता कॉलेजला, अभ्यासक्रमाला की ब्रिटनमधल्या मूळ विद्यापीठाला, हे विचारा. एजंट गडबडला तरी तुम्हाला बरंच कळेल.

२०२० ची ही वाटणी मला पटते. जो पैसे वाटतो, त्यानेच दर्जा तपासायचा आणि पुन्हा त्यानेच नव्या संस्थांना दार उघडायचं, यात हात बांधले जातात. पण एवढ्याशा देशात एका कार्यालयाची दोन कार्यालयं केली की आधीच थोडी असलेली जाणकार माणसंही दोन ठिकाणी वाटली जातात. सगळ्या मॉरिशसची उच्चशिक्षणातली मुलं, परदेशी शिकायला गेलेली धरूनही, पन्नास हजारांच्या आसपास. आपल्या एकट्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेत कित्येक लाख विद्यार्थी आहेत. म्हणजे आपल्या विद्यापीठातल्या एखाद्या विद्याशाखेएवढ्या पसाऱ्यासाठी त्यांना अख्खा कायदा, आयोग, प्राधिकरण, पात्रता चौकट आणि समकक्षतेची, म्हणजे बाहेरची पदवी आपल्या पदवीच्या तोडीची आहे का हे ठरवणारी, यंत्रणा चालवावी लागते. पसारा लहान म्हणून नियमांची जाडी कमी होत नाही.

अडचण नियम करण्यात येत नाही. नियम कुठूनही घेता येतात, आणि छोटे देश ते चांगले घेतातही. अडचण येते तपासणाऱ्या माणसांची.

नॅकची समिती महाराष्ट्रातलं कॉलेज तपासते तेव्हा अध्यक्ष ओडिशाचे, सदस्य केरळचे किंवा पंजाबचे असतात. कॉलेजला ते अनोळखी असावेत हीच कल्पना. (अनोळखी म्हणून सचोटीचे असतातच असं नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत सीबीआयने नॅकच्या समितीतल्या लोकांनाच लाचेच्या प्रकरणात अटक केली होती. तेव्हा ‘नॅकपेक्षा कडक’ ही फारशी उंच उडी नाही, हेही मनात असू द्या.) मॉरिशसमध्ये ही सोयच नाही. रेद्यूईचं विद्यापीठ, मोका गावातली महात्मा गांधी इन्स्टिट्यूट, एबेनची सायबर सिटी हे सगळं एकमेकांच्या शेजारी. एखाद्या विषयातले देशातले सगळे प्राध्यापक एका टेबलाभोवती बसतील. त्यांतला एक दुसऱ्याचा पीएचडीचा मार्गदर्शक, तिसरा चौथ्याचा मेहुणा, आणि पाचव्याला पुढच्या वर्षी त्याच कॉलेजात संध्याकाळचे तास घ्यायचे असतात. हितसंबंधांच्या घोषणापत्रावर सही सगळे करतात. प्रामाणिक माणसालाही तिथे कोणाच्या अभ्यासक्रमाला ‘नाही’ म्हणताना घशाला कोरड पडते, कारण रविवारी लग्नात भेट होणार असते.

याची खूण कागदांत कशी दिसते तेही सांगते. अभ्यासक्रमाच्या मान्यतेसाठी जी फाइल येते तिच्यात शिक्षकांची यादी आणि प्रत्येकाचा बायोडेटा असतो. छोट्या देशांत तोच चार्टर्ड अकाउंटंट तीन कॉलेजांच्या यादीत सापडतो. खोटं कुणीच लिहिलेलं नसतं. तो तिन्ही ठिकाणी खरोखर शिकवतो, नोकरी सांभाळून, संध्याकाळी. तेव्हा मी बायोडेटा बाजूला ठेवून वेळापत्रक मागते. मंगळवारी साडेपाच ते साडेआठ हा गृहस्थ कुठे असतो? पूर्णवेळ किती, त्यांतले या विषयाचे किती, आणि विद्यार्थ्याला दुपारी दोन वाजता शंका आली तर इमारतीत कोण भेटतं? ग्रंथालयातल्या पुस्तकांची संख्या मी फार वेळ बघत नाही. ती वाढवणं सोपं असतं.

दुसरी मागणी उत्तरपत्रिकांची. सगळ्यात कमी गुणांनी पास झालेली, मधली आणि वरची अशा तीन, सोबत प्रश्नपत्रिका आणि परीक्षा मंडळाच्या बैठकीचं इतिवृत्त. ब्रिटिश पद्धतीत पेपर बऱ्याचदा दोघांनी तपासायचा असतो आणि शिवाय बाहेरचा परीक्षक नमुने बघतो. पेपरावर दोन रंगांच्या शाया असतात. पहिल्याने ५८ दिले, दुसऱ्याने ५७. पुढच्या पेपरावर ४३ आणि ४४. सगळ्या गठ्ठ्यात असाच एका गुणाचा फरक असला की समजायचं, दुसऱ्याने पहिल्याचे गुण बघून आपले टाकलेत. कुठेतरी ५८ आणि ४९ दिसतात, त्यावर दोघांत चर्चा झाल्याची नोंद असते, शेवटी ५३ ठरतात. असा गठ्ठा बघितला की जीव भांड्यात पडतो. मतभेद नोंदवणारी संस्था बहुधा ठीक असते.

या माणसांच्या टंचाईवर मॉरिशसचा उपाय जुना आहे: पारख बाहेरून आणायची. तिथली बारावीच्या तोडीची एचएससी परीक्षा आजही केंब्रिजच्या साथीने होते. तिच्यात वर येणाऱ्या मुलांना सरकारी शिष्यवृत्ती मिळते, त्यांना तिथे ‘लॉरेएट’ म्हणतात, आणि ती मुलं बहुतेक परदेशी विद्यापीठांत जातात. विद्यापीठातही बाहेरच्या परीक्षकाची ब्रिटिश प्रथा रुजलेली आहे. मान्यतेच्या तपासणीला परदेशी तज्ज्ञ बोलावणंही त्याच विचारातून आलेलं.

छोट्या विषयांत तर याला पर्यायच नाही. महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये मराठीचा विभाग आहे हे आपल्याकडे फार जणांना माहीत नसतं. एकोणिसाव्या शतकात कोकणातून तिकडे गेलेल्या लोकांची पाचवी-सहावी पिढी तिथे आता मराठीत बीए करते, आणि पदवी मॉरिशस विद्यापीठासोबतची असते. अशा विषयाचा दर्जा कोणी ठरवायचा? शिकवणारे बोटांवर मोजण्याइतके, विद्यार्थीही थोडे. देशातल्या देशात तटस्थ परीक्षक शोधणं जवळपास अशक्य. पुण्या-मुंबईचा परीक्षक नेमला तर तो आपल्या एमएच्या मुलांच्या मापाने त्यांची मराठी मोजणार. घरी क्रिओल आणि शाळेत इंग्रजी-फ्रेंच असलेल्या मुलाने मराठीत निबंध लिहिणं ही किती मोठी मजल आहे, हे त्याच्या लक्षात येईलच असं नाही. बाहेरून आणलेल्या पारखीचा हा तोटा कायमचा आहे. पाहुणा तज्ज्ञ विमानाने येतो, दोन-तीन दिवस राहतो, आपल्या देशाचं कोष्टक भरतो आणि जातो. माझ्या मते समितीत एक स्थानिक, एक मोठ्या देशाचा आणि एक दुसऱ्या छोट्या देशाचा असावा. तो तिसरा सगळ्यात कामाचे प्रश्न विचारतो, कारण मंगळवारच्या साडेपाचचं दुखणं त्याच्या घरचंच असतं.

कॅरिबियन देशांनी यात एक पाऊल पुढे टाकलंय. तिथे परदेशी विद्यार्थ्यांवर चालणारी मेडिकल कॉलेजं बेटाबेटावर उगवली, आणि एकेका बेटाच्या सरकारला त्यांना आवरणं झेपेना. तेव्हा कॅरिकॉम या तिथल्या देशांच्या संघटनेने मिळून वैद्यकीय शिक्षणासाठी एकच सामायिक मान्यता-संस्था काढली. हिंदी महासागरातल्या बेटांना हे अजून तसं जमलेलं नाही. अंतरं मोठी, भाषा वेगळ्या, आणि स्पर्धाही आपापसांत.

आता मुख्य गोष्टीकडे येते. २००० नंतर मॉरिशसने ठरवलं की साखर आणि कापड यांच्यावर किती दिवस काढायचे, आपण शिक्षणाचं केंद्र व्हायचं. आफ्रिका आणि आशिया यांच्या मधोमध, इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही जाणणारं. धोरण चुकीचं नव्हतं. त्यातून मिडलसेक्स, कर्टिन अशी परदेशी विद्यापीठांची नावं आली, आणि ती टिकली. पण ज्या सरकारने परदेशी संस्थांना अक्षता द्यायच्या, त्याच सरकारच्या यंत्रणेने त्यांना दारात अडवून कागद मागायचे, असा हा पेच आहे. मोठ्या देशात ही दोन कामं करणारी माणसं एकमेकांना ओळखतही नाहीत. इथे ती एकाच मंत्रालयाच्या जिन्यावर भेटतात.

त्यातून झालेला सगळ्यात मोठा घोळ भारताशी जोडलेला आहे, म्हणून तो तुम्हाला माहीत असायला हवा. सिक्कीममधल्या एका खासगी विद्यापीठाची शाखा २०१२ च्या सुमारास मॉरिशसमध्ये सुरू झाली. तिथल्या कमिशनकडे नोंद झालेली, म्हणजे ‘मॉरिशस सरकारमान्य’ हे अक्षरशः खरं. पण आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगाचं, म्हणजे यूजीसीचं, म्हणणं पडलं की या विद्यापीठाला परदेशात शाखा काढायची परवानगीच नाही. मुलं अधांतरी लटकली. तिकडच्या संसदेत आणि वर्तमानपत्रांत महिनोन्महिने गदारोळ झाला.

यूजीसी आडमुठेपणा करत नव्हती. आपल्याकडे खासगी विद्यापीठ राज्याच्या कायद्याने जन्माला येतं, आणि त्याचा अधिकार त्या राज्याच्या हद्दीत संपतो. छत्तीसगडने २००२ च्या कायद्याखाली शंभराहून जास्त विद्यापीठं काढून दिली होती, प्रा. यशपाल यांच्या याचिकेवर २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने ती मोडीत काढली आणि राज्याबाहेर हातपाय पसरता येणार नाहीत हेही स्पष्ट केलं. जे विद्यापीठ गंगटोकहून सिलिगुडीला परवानगीशिवाय जाऊ शकत नाही, ते मॉरिशसच्या राजधानीला, पोर्ट लुईला, कसं जाणार? मॉरिशसच्या कमिशनने एवढं एक पत्र दिल्लीला टाकून विचारायला हवं होतं. सरकारी आयआयटीसुद्धा यातून सुटली नाही. आयआयटी दिल्ली आणि मॉरिशस रिसर्च कौन्सिल यांच्या करारावरून २०१४ मध्ये दिल्लीत वाद झाला, आणि मुद्दा तोच होता, की आयआयटीला देशाबाहेर कॅम्पस काढण्याचा कायदेशीर अधिकार आहे का. आता हवा बदलली आहे. आयआयटी मद्रासचं झांजीबारचं कॅम्पस २०२३ मध्ये सुरू झालं ते दोन सरकारांच्या संमतीने, राजरोस.

उलट बाजूचं उदाहरणही आहे. वेल्समधलं अ‍ॅबरिस्टविथ हे जुनं, नाणावलेलं विद्यापीठ. त्याने २०१५ मध्ये मॉरिशसमधल्या कार्तिए मिलितेर इथे कॅम्पस काढलं. कागद सगळे चोख, पदवी अस्सल. विद्यार्थी मात्र अपेक्षेच्या मानाने फारच थोडे आले, आणि काही वर्षांतच ते आवरतं घ्यावं लागलं. गुणवत्तेचं कोणतंही प्राधिकरण हे थांबवू शकलं नसतं. ते एवढंच बघू शकतं, की बंद होताना शिकत असलेल्या मुलांची सोय आधीपासून लिहून ठेवलेली आहे की नाही. फाइलमध्ये हे एक पान असतं आणि पालक ते कधीच मागत नाहीत.

म्हणून आता तुमच्या भाचीपुरतं बोलू. पहिला आणि सगळ्यात मोठा प्रश्न: हे कॉलेज त्या ब्रिटिश विद्यापीठाची स्वतःची शाखा आहे, की विद्यापीठाने फ्रँचायझी दिलेलं, म्हणजे त्याच्या नावाने त्याची पदवी शिकवणारं, स्थानिक कॉलेज? दोन्हीकडे पदवीचा कागद दिसायला सारखाच. मॉरिशसच्या नियमांत दोन्ही बसू शकतात. ब्रिटनमध्येही दोन्ही प्रकार रूढ आहेत. पण भारताने २०२५ च्या एप्रिलमध्ये परदेशी पदव्यांच्या समकक्षतेचे नवे यूजीसी नियम आणले, आणि त्यांत फ्रँचायझीतून मिळवलेली पदवी मान्य होत नाही असं सरळ लिहिलंय. विद्यापीठाच्या परदेशी कॅम्पसची पदवी चालते, मात्र शिक्षण जिथे झालं त्या देशाचे आणि मूळ विद्यापीठाच्या देशाचे, असे दोन्हीकडचे नियम पाळलेले हवेत. आधी हे समकक्षतेचं काम भारतीय विद्यापीठ संघ, म्हणजे एआययू, करायचा. नव्या नियमांत ते यूजीसीकडे आलंय. एजंट अजूनही ‘एआययूचं पत्र मिळवून देतो’ म्हणत असेल तर त्याची माहिती शिळी आहे.

तेव्हा शाखा की फ्रँचायझी, हे कॉलेजला विचारू नका, ब्रिटिश विद्यापीठाला ईमेल करून विचारा. त्यांच्या संकेतस्थळावर भागीदार संस्थांची यादी असते. त्यात कॉलेजचं नाव, अभ्यासक्रमाचं नाव आणि करार कधीपर्यंतचा आहे ते बघा. उत्तर लेखी घ्या. चांगलं विद्यापीठ आठवड्याभरात उत्तर देतं, कारण नाव त्याचं पणाला लागलेलं असतं. उत्तर आलंच नाही, किंवा ‘आमच्या स्थानिक भागीदाराशी संपर्क साधा’ एवढंच आलं, तर मी तरी पैसे भरणार नाही.

दुसरं, मॉरिशसच्या बाजूने कॉलेजच्या नोंदणीवर समाधान मानू नका. संस्थेची नोंदणी आणि अभ्यासक्रमाची मान्यता या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मान्यतेला मुदत असते. तुमच्या भाचीचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा आणि मान्यता पुढच्या वर्षी संपणारी, असं असेल तर नूतनीकरणाचा अर्ज गेलाय का हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. नाव अक्षर न अक्षर जुळवा. ‘बीए बिझनेस मॅनेजमेंट’ला मान्यता आणि प्रवेश ‘बीएस्सी बिझनेस अँड डिजिटल मार्केटिंग’ला, असले प्रकार होतात, नवा विषय जोडला की बाजारात खपतो, पण त्याची मान्यता मागाहून येते किंवा येतच नाही.

पात्रता चौकटीच्या आकड्यांनीही गोंधळू नका. मॉरिशसच्या चौकटीत दहा पायऱ्या आहेत आणि डॉक्टरेट दहावीवर. आपल्या राष्ट्रीय क्रेडिट फ्रेमवर्कमध्ये डॉक्टरेट आठवीवर संपते. एजंटने ‘ही लेव्हल आठची पदवी आहे’ असं सांगितलं तर पीएचडीच्या तोडीचं काही मिळतंय असं समजू नका. तिकडे आठवीवर ऑनर्सची पदवी बसते.

तुम्ही शेवटी शेजाऱ्यांच्या मुलाचं विचारलंय, त्याला तिकडे एमबीबीएस करायचंय. त्याचं गणित वेगळं. वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, वकिली, आर्किटेक्चर यांच्या पदव्या यूजीसीच्या या नियमांखाली येतच नाहीत. ज्याच्या त्याच्या परिषदेचे नियम लागू. मॉरिशसमध्ये वैद्यकीय शिक्षण नवं नाही. सर शिवसागर रामगुलाम मेडिकल कॉलेज १९९९ पासून आहे आणि तिथे भारतीय मुलं पूर्वीपासून जातात. पण आपल्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाचे २०२१ चे नियम वाचून मगच निघावं. नीट उत्तीर्ण हवी, अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजीतून हवा, त्यानंतर बारा महिन्यांची इंटर्नशिप त्याच परदेशी संस्थेत, आणि परत आल्यावर इथे पुन्हा परीक्षा आणि इंटर्नशिप. यातली सगळ्यात दुर्लक्षित अट अशी, की त्या देशाच्या वैद्यकीय परिषदेकडे नोंदणी होऊन तिथल्या नागरिकासारखाच व्यवसाय करायचा परवाना मिळण्याजोगी ती पदवी हवी. केवळ परदेशी मुलांसाठी काढलेले अभ्यासक्रम इथेच अडकतात. म्हणून कॉलेजच्या पत्राऐवजी मॉरिशसच्या मेडिकल कौन्सिलचं उत्तर मिळवा. शिवाय रुग्णालय. देश लहान म्हणजे रुग्णही मोजकेच, आणि कॉलेजला स्वतःचं रुग्णालय नसेल तर सरकारी रुग्णालयांच्या वॉर्डांत दुसऱ्या कॉलेजांच्या मुलांबरोबर वाटून घ्यावं लागतं. एका खाटेभोवती किती मुलं उभी असतात हे तिथे शिकत असलेल्या चौथ्या वर्षाच्या मुलाला फोन करून विचारा. कॉलेजने निवडून दिलेल्या मुलाला नको.

‘हा सगळा ताप कशाला, इथेच का शिकू नये’ असंही तुम्ही विचाराल. ते तुमच्या घरचं गणित. मॉरिशसच्या नागरिकांना २०१९ पासून सरकारी संस्थांत पदवीचं शिक्षण मोफत आहे. तिथल्या हुशार मुलाला खासगी कॉलेजात पैसे भरायचं कारण त्यामुळे कमी झालंय, आणि माझ्या अंदाजाने म्हणूनच खासगी कॉलेजांचे एजंट आपल्या पुण्या-नाशकात इतक्या उत्साहाने फिरतात. याचा अर्थ कॉलेज वाईट असा नाही. पण वर्गात स्थानिक मुलं किती, हा प्रश्न विचाराच. ज्या गावात कॉलेज आहे त्या गावची मुलं तिथे शिकत असतील तर त्यांचे आईबाप, मामा-काका रोज नियामकाच्या कानाशी असतात, आणि छोट्या देशात ओळखीपाळखीचा हा एक मोठा फायदा आहे. परदेशी मुलांची तक्रार घेऊन तिथे कोणीच जात नाही.

फीबद्दल. पूर्ण तीन वर्षांचे पैसे आगाऊ भरून सवलत घेऊ नका, सत्रागणिक भरा. पावती कॉलेजच्या नावाची हवी, एजंटच्या नाही. करारपत्रात दोन वाक्यं शोधा: अभ्यासक्रम मध्येच बंद पडला तर मुलीला मूळ ब्रिटिश विद्यापीठ किंवा दुसरी संस्था पदवी पूर्ण करू देईल का, आणि व्हिसा नाकारला गेला तर किती दिवसांत किती पैसे परत. ती नसतील तर घालून मागा. घालत नसतील तर विद्यापीठाच्या त्या ईमेललाच उत्तर लिहून हे दोन प्रश्न त्यांना विचारा, आणि कॉलेजच्या प्रवेश विभागाला प्रत पाठवा.